ख्रिस्ती धर्मविचारातील वैयक्तिक उत्तरदायित्व आणि पश्चात्ताप : एक विवेचन

सारांश :
ख्रिस्ती धर्माचा परिचय 'क्षमेचा धर्म' असा करून दिला जातो. मात्र क्षमेवर भर देणारा धर्म माणसाला त्याच्या कृत्यांच्या जबाबदारीतून मोकळे करतो काय, हा प्रश्न धर्माच्या अभ्यासकांप्रमाणेच श्रद्धावंतांनाही पडत आला आहे. प्रस्तुत लेखात बायबलमधील निवडक प्रसंग, चर्चच्या इतिहासातील पश्चात्तापविधीची स्थित्यंतरे आणि विसाव्या-एकविसाव्या शतकांतील सामूहिक दोषस्वीकाराची उदाहरणे यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पश्चात्ताप हा जबाबदारीपासून सुटकेचा मार्ग नसून जबाबदारी स्वीकारण्याची रीत आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : पश्चात्ताप, उत्तरदायित्व, क्षमा, भरपाई, पापनिवेदन, सामूहिक दोष.

प्रस्तावना :
चूक मान्य करणे हे मनुष्यस्वभावाला जड जाते. दोष दुसऱ्यावर, परिस्थितीवर, पूर्वजांवर किंवा नशिबावर टाकण्याची वृत्ती सर्व समाजांत आढळते. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, ही वृत्ती कथारूपाने मांडली आहे. निषिद्ध फळ खाल्ल्यावर देव आदामाला जाब विचारतो, तेव्हा आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो. इतकेच नव्हे तर ती स्त्री देवानेच दिली होती, याचीही आठवण करून देतो. स्त्री सर्पाकडे बोट दाखवते. पुढच्याच अध्यायात भावाचा खून केलेला काइन, भावाची राखण करणे हे आपले काम नव्हे, अशा आशयाचे उत्तर देतो. पहिल्या पापाइतकेच पहिल्या सबबीला येथे महत्त्व दिलेले आहे, ही बाब लक्षणीय आहे.

मराठीत 'पश्चात्ताप' हा शब्द पश्चात् आणि ताप या दोन पदांपासून बनला आहे. कृत्य घडून गेल्यानंतर मनाला होणारा दाह, असा त्याचा अर्थ होय. संतवाङ्मयातील 'अनुताप' हा शब्दही त्याच वळणाचा आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेने 'पश्चात्ताप' हा शब्द स्वीकारला. तथापि बायबलच्या मूळ भाषांतील संज्ञा वेगळ्या अंगाने जातात. जुन्या करारातील 'शूव' या हिब्रू क्रियापदाचा अर्थ वळणे, परत फिरणे असा आहे. नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक शब्दात मन वा बुद्धी पालटण्याचा अर्थ आहे. म्हणजेच मराठी शब्द भावनेवर, हिब्रू शब्द दिशेवर आणि ग्रीक शब्द अंतःकरणाच्या परिवर्तनावर बोट ठेवतो. ख्रिस्ती पश्चात्तापाची कल्पना समजून घेताना ही तिन्ही अंगे एकत्र पाहावी लागतात. केवळ दाह आहे, पण वळणे नाही, अशा अवस्थेला या परंपरेने पूर्ण पश्चात्ताप मानलेले नाही.

१. वारशाने येणारा दोष आणि यहेज्केलचे उत्तर :
प्राचीन इस्राएलमध्ये दोष कुलाला किंवा संपूर्ण समाजाला लागतो, अशी धारणा होती. पूर्वजांच्या अपराधाचे परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतात, हा विचार निर्गमच्या विसाव्या अध्यायात आढळतो. पुढे बाबेलच्या सत्तेने यहूदाचे राज्य नमवले, इसवी सनपूर्व ५९७ मध्ये अनेकांना बंदी करून नेले आणि दशकभरातच यरुशलेमचा विध्वंस केला. या निर्वासितांमध्ये एक म्हण रूढ झाली होती. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि त्रास मात्र मुलांच्या दातांना झाला, अशा अर्थाची ती म्हण यिर्मया आणि यहेज्केल या दोन्ही संदेष्ट्यांच्या ग्रंथांत येते. तिच्यात दुःख होते, तशी एक सोयही होती. दोष मागच्या पिढीचा ठरला की वर्तमान पिढीला स्वतःत काही बदलण्याचे कारण उरत नाही.

यहेज्केलने अठराव्या अध्यायात ही म्हण मोडीत काढली. त्याने आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांचे उदाहरण घेतले. नीतिमान बापाचे पुण्य दुराचारी मुलाला वाचवू शकत नाही आणि दुराचारी बापाचे पाप नीतिमान मुलाच्या माथी येत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. येथपर्यंतचा विचार न्यायाचा आहे. पण त्याच अध्यायात तो आणखी एक पाऊल पुढे टाकतो. ज्याप्रमाणे माणूस बापाच्या भूतकाळाचा कैदी नाही, त्याचप्रमाणे तो स्वतःच्या भूतकाळाचाही कैदी नाही. दुष्टाने आपला मार्ग सोडला तर तो जगेल. नीतिमानाने आपला मार्ग सोडला तर पूर्वीचे पुण्य त्याच्या कामी येणार नाही. वैयक्तिक उत्तरदायित्व आणि पश्चात्ताप या दोन कल्पना एकाच अध्यायात येणे हा योगायोग नव्हे. कृत्य ज्याचे आहे, तोच त्यापासून मागे फिरू शकतो. जबाबदारी नाकारणारा मनुष्य निर्दोष ठरत नाही. तो केवळ परतीची वाट स्वतःच बंद करून घेतो.

२. शौल आणि दावीद : कबुलीचे दोन प्रकार :
शमुवेलच्या दोन पुस्तकांत दोन राजांच्या कबुलीचे प्रसंग आहेत. शौल राजाने लुटीतील उत्तम पशू राखून ठेवले आणि शमुवेलने जाब विचारताच दोष सैनिकांवर टाकला. अखेरीस त्याने पाप मान्य केले खरे. पण वडीलजनांसमोर आपला मान राखला जावा, ही विनंतीही त्याने त्याच वेळी केली. त्याची कबुली प्रतिष्ठा वाचवण्यासाठी होती.

दावीदाचा अपराध याहून कितीतरी गंभीर होता. त्याने उरीया या आपल्या सैनिकाची पत्नी बथशेबा हिला बोलावून घेतले आणि पुढे उरीयाला रणात मृत्यूच्या तोंडी दिले. नाथान संदेष्ट्याने त्याला एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि त्या श्रीमंताने चौपट भरपाई द्यावी, असा निवाडा त्याने दिला. तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच आहे, हे नाथानने सांगताच दावीदाने कोणतीही सबब न देता आपले पाप कबूल केले. दुसऱ्याच्या अपराधाचा न्याय करताना माणसाची नीतिबुद्धी स्वच्छ असते. तीच बुद्धी स्वतःकडे वळवणे म्हणजे पश्चात्तापाचा प्रारंभ होय, हे या कथेचे मर्म आहे.

या प्रसंगातील दोन बाबी अभ्यासकाने नजरेआड करू नयेत. पहिली अशी की, क्षमा मिळाल्यानंतरही कृत्याचे परिणाम टळले नाहीत. दावीदाच्या घराण्यातील पुढील कलह आणि रक्तपात याची साक्ष देतात. दुसरी बाब अधिक अवघड आहे. दावीदाशी जोडल्या गेलेल्या एकावन्नाव्या स्तोत्रात पाप केवळ देवाविरुद्ध केल्याची भाषा आहे. मग उरीयाचे आणि बथशेबेचे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक अन्याय अंतिमतः देवाचा अपराध आहे, असा या भाषेचा अर्थ परंपरेने लावला. परंतु देवाशी हिशेब मिटला म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याशीही मिटला, असा सोयीचा अर्थही तिच्यातून काढता येतो. पश्चात्तापाच्या ख्रिस्ती विचारातील खरा ताण याच ठिकाणी आहे.

३. नव्या करारातील पश्चात्ताप : जक्कय, यहूदा आणि पेत्र :
येशूच्या कार्याचा आरंभ मार्कच्या शुभवर्तमानानुसार पश्चात्तापाच्या हाकेने होतो. त्याच्याआधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही हीच हाक दिली होती आणि पश्चात्तापाला शोभेल असे फळ मागितले होते. लूकच्या तिसऱ्या अध्यायात हे फळ म्हणजे काय, ते व्यवसायानुसार सांगितले आहे. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये, शिपायाने धाकदपटशाने पैसे उकळू नयेत. पश्चात्ताप येथे दैनंदिन आर्थिक व्यवहारात उतरलेला दिसतो.

यरीहो येथील मुख्य जकातदार जक्कय याची कथा हाच धागा पुढे नेते. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. तेव्हा जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. गणनाच्या पाचव्या अध्यायातील नियमानुसार अपराध्याने पाप कबूल करावे आणि मूळ रकमेत पाचवा हिस्सा मिळवून भरपाई द्यावी, एवढेच अपेक्षित होते. जक्कय त्याच्या पलीकडे गेला. दावीदाने दुसऱ्यासाठी सुनावलेली चौपट भरपाई जक्कयाने स्वतःला लागू केली, असे म्हणता येईल. शिवाय येशूने जक्कयाच्या घरी जाण्यापूर्वी कोणतीही अट घातली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. स्वीकार आधी आणि भरपाई नंतर, हा क्रम ख्रिस्ती कृपाविचाराचा गाभा आहे. भरपाईने कृपा विकत घेतली जात नाही. कृपा खरोखर पोहोचली, याची ती खूण असते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही मुलाचे पाठ केलेले निवेदन पूर्ण होण्याआधीच बाप त्याला जवळ घेतो.

यहूदा इस्कार्योत आणि पेत्र यांची तुलना या संदर्भात फार उद्बोधक आहे. दोघांनीही गुरूचा विश्वासघात केला. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाच्या मनःस्थितीसाठी 'मेटानोइया'शी संबंधित शब्द न वापरता पस्तावणे या छटेचे वेगळे क्रियापद वापरले आहे. यहूदाने अपराध कबूल केला आणि चांदीची तीस नाणीही परत केली. तरीही तो एकटा पडला आणि त्याने स्वतःचा अंत केला. त्याची कबुली ज्यांनी ऐकली, त्या याजकांनी हे प्रकरण त्याचे त्यानेच पाहावे, अशा अर्थाचे उत्तर देऊन हात झटकले. त्याच अध्यायात पिलात पाण्याने हात धुतो आणि जमावाकडे जबाबदारी ढकलताना त्याच्या तोंडी तेच ग्रीक क्रियापद येते. कबुली देणारा एकटाच आणि जबाबदारी नाकारणारे सत्ताधीश अनेक, असे ते चित्र आहे.

पेत्राने तीनदा गुरूला नाकारले आणि तो दुःखाने रडला; पण तो इतर शिष्यांमध्ये राहिला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारतो आणि दर वेळी कळपाची काळजी त्याच्यावर सोपवतो. पेत्राला क्षमा मिळाली ती एक नवी जबाबदारी म्हणून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल देवाला अनुसरून होणारे दुःख आणि केवळ ऐहिक दुःख असा भेद करतो. एकातून पालट घडतो, दुसऱ्यातून नाश ओढवतो. अपराधभावना आणि पश्चात्ताप यांतील हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

४. चर्चच्या इतिहासातील स्थित्यंतरे :
आरंभीच्या शतकांत बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या गंभीर पापासाठी जाहीर आणि दीर्घकाळ चालणारे प्रायश्चित्त करावे लागे व ते आयुष्यात एकदाच मिळे. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलनीका येथे रोमन सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने नागरिकांची मोठी कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोझ याने पत्र लिहून त्याला दावीदाचे उदाहरण दिले आणि प्रायश्चित्ताविना पवित्र विधीत सहभाग नाकारला. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त केले. आज्ञा देणाराही अपराधीच असतो आणि सत्तापद हे ढाल होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांच्या प्रभावाने खाजगी आणि पुनःपुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची पद्धत पसरली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक केले आणि ते गुप्त राखण्याची कडक जबाबदारी धर्मगुरूवर टाकली. ही पद्धत पोर्तुगीज काळात गोव्यात आली. कोकणीत तिला 'कुमसार' म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्तपुराण' या ओवीबद्ध ग्रंथामुळे आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठीच्या वळणात उपलब्ध झाली होती, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दरम्यान युरोपात प्रायश्चित्ताला व्यवहाराचे रूप येऊ लागले होते. पापदंडातून सूट देणारी पत्रे पैशाच्या मोबदल्यात दिली जात. लॅटिन बायबलमधील शब्दप्रयोगाचा अर्थ प्रायश्चित्त करणे असाही होत असे. इरॅस्मसने १५१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीक नव्या करारामुळे मूळ शब्दाकडे विद्वानांचे लक्ष वळले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच, श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन हेच पश्चात्ताप व्हावे, या आशयाचा आहे. पश्चात्ताप हा विधीपुरता वा शुल्कापुरता मर्यादित नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. यावर कॅथलिक पक्षाने ट्रेंट परिषदेत, १५५१ मध्ये, अनुताप, निवेदन आणि भरपाई अशी पश्चात्तापी व्यक्तीची तीन अंगे पुन्हा निश्चित केली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही चोरलेली वस्तू परत करणे, एखाद्याची बदनामी केली असल्यास त्याचे नाव पूर्ववत करणे अशा प्रत्यक्ष भरपाईचा आग्रह कायम आहे. दोन्ही प्रवाहांत मतभेद तीव्र असले, तरी वागणुकीत न उतरलेला पश्चात्ताप अपुरा, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता दिसते.

वारशाने येणाऱ्या पापाचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. ऑगस्टीनने आदामाच्या पापाचा दोष सर्व मानवजातीत उतरतो, असे मानले. पेलागियसने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यावर भर दिला. पेलागियसचे मत ४१८ च्या कार्थेज परिषदेत नाकारले गेले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र मर्त्यता व दुर्बलता वारशाने येते, वैयक्तिक दोष नव्हे, अशी भूमिका घेतली. तथापि ऑगस्टीनच्या परंपरेतही प्रत्यक्ष घडलेल्या पापाची कबुली ज्याची त्यानेच द्यावयाची असते.

५. स्वस्त कृपा आणि सामूहिक दोष :
विसाव्या शतकात हा विचार कसोटीला लागला. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' या कल्पनेवर कठोर टीका केली. पालट न मागणारी क्षमा ही पापी माणसाऐवजी पापालाच मान्यता देते, असा त्याचा मुद्दा होता. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी श्टुटगार्ट येथे दोषस्वीकाराचे निवेदन प्रसिद्ध केले. धैर्याने साक्ष दिली नाही, हा दोष त्यांनी मान्य केला. पण यहुद्यांच्या संहाराचा स्पष्ट उल्लेख त्यात नव्हता आणि त्यावर पुढे टीका झाली. कबुलीत अन्यायाचे आणि अन्याय सोसलेल्यांचे नाव नसेल तर ती अपुरी राहते, हा या घटनेचा धडा होय.

अलीकडचे उदाहरण कॅनडाचे आहे. तेथील मूलनिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत ठेवले जात असे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडाला जाऊन क्षमा मागितली. अनेकांनी तिचे स्वागत केले. मात्र दोष संस्थेचा न मानता संस्थेतील काही व्यक्तींचा मानला गेला, अशी टीकाही झाली. येथे यहेज्केलचा विचार उलट्या बाजूने तपासावा लागतो. एके काळी समूहाच्या दोषाआड व्यक्ती लपत होती. आधुनिक काळात व्यक्तींच्या दोषाआड संस्था लपू शकते. पौलाच्या गलतीकरांस पत्रातील सहाव्या अध्यायात परस्परांची ओझी वाहण्याचा आणि प्रत्येकाने स्वतःचा भार वाहण्याचा, असे दोन्ही उपदेश अवघ्या काही ओळींच्या अंतराने येतात. वरकरणी विसंगत वाटणारी ही दोन विधाने एकत्र वाचली तरच उत्तरदायित्वाची पूर्ण कल्पना हाती लागते.

निष्कर्ष :
१. ख्रिस्ती विचारात वैयक्तिक उत्तरदायित्व ही पश्चात्तापाची पूर्वअट आहे. दोष स्वतःचा मानल्याशिवाय त्यापासून वळणे संभवत नाही.
२. अपराधभावना आणि पश्चात्ताप एक नव्हेत. पश्चात्तापात मनाचा दाह, दिशेचा बदल आणि वर्तनातील पालट ही तिन्ही अंगे येतात.
३. क्षमा ही भरपाईचे मोल नव्हे. तरीही शक्य ती भरपाई टाळणारा पश्चात्ताप या परंपरेच्या निकषांवर टिकत नाही.
४. क्षमेमुळे कृत्याचे सर्व परिणाम नाहीसे होत नाहीत. परिणाम स्वीकारणे हाही पश्चात्तापाचाच भाग आहे.
५. संस्थांच्या दोषस्वीकाराला वैयक्तिक पश्चात्तापाचेच निकष लागू करावे लागतात.

समारोप :
मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने एक साधा प्रसंग सांगितला आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला तेथे आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही तक्रार आहे. अशा वेळी अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण करावे, असा तो उपदेश आहे. देवाकडे जाणारी वाट दुखावलेल्या माणसाच्या दारावरून जाते, असा त्याचा आशय सांगता येईल. एकावन्नाव्या स्तोत्राने उभ्या केलेल्या प्रश्नाला नव्या करारात मिळणारे हे उत्तर आहे. अर्थात, त्या दारात गेल्यावर ते उघडेलच, अशी हमी या उपदेशात नाही. दुखावलेल्याने क्षमा केलीच पाहिजे, असा दावा अपराध्याला करता येत नाही. जाणे हे मात्र अपराध्याचे कर्तव्य आहे आणि ते त्याच्या वतीने दुसरे कोणीही पार पाडू शकत नाही.